अक्षरशः आज्ञाधारक

महाभारताच्या कर्णपर्वात एक विलक्षण प्रसंग आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत परतला आहे. अर्जुन त्याला भेटायला येतो, तेव्हा तो कर्णाला मारूनच आला असणार असे युधिष्ठिर धरून चालतो. तसे नाही हे कळल्यावर संतापाच्या भरात तो म्हणतो, गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. गांडीव सोड म्हणणाऱ्याचे शिर उडवायचे, अशी अर्जुनाने मनाशी प्रतिज्ञा केलेली असते. तो सरळ तलवार उपसतो. समोर थोरला भाऊ आहे आणि त्याच्याचसाठी हे युद्ध चालले आहे, हे त्याला ठाऊक आहे. पण प्रतिज्ञा ती प्रतिज्ञा. त्याला आवरताना कृष्ण कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. सदैव खरेच बोलायचे, असे कौशिकाचे व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे जवळच्या रानात लपतात, पाठलाग करत आलेले दरोडेखोर कौशिकाला विचारतात, आणि तो खरे ते सांगतो. माणसे मारली जातात. कौशिक नरकात जातो. व्रतात कुठे तसूभरही खंड पडलेला नाही, आणि महाभारतकाराचा आक्षेप नेमका त्यावरच आहे.

संगणक हा असा कौशिक आहे. कौशिकाला निदान व्रत मोडण्याची मुभा होती, संगणकाला तीही नाही. सांगणाऱ्याच्या मनात काहीही असो, जे सांगितले गेले तेच तो करतो. शाळकरी मुलांना वर्गात कोडिंग का शिकवावे, याचे मला पटणारे कारण त्याच्या या स्वभावात आहे. इतक्या पराकोटीच्या आज्ञाधारकाला आज्ञा देऊन पाहिली, की नियम म्हणजे काय आणि त्याची धाव कुठवर, हे मुलाला समोर दिसते. म्हणून हा विषय मी आधी नीतिविचाराचा मानतो, तंत्रज्ञानाचा मागाहून. आपल्याकडची चर्चा मात्र या वाटेने जात नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचे ठरवले, २०२१मध्ये सीबीएसईने त्याचा अभ्यासक्रम काढला, आणि त्याच सुमारास सहा-सात वर्षांची मुले अ‍ॅप बनवून करोडपती होतात अशा जाहिरातींचा एवढा सुकाळ झाला की त्यातल्या काही मागे घ्यायला लावण्याची वेळ जाहिरात मानक परिषदेवर आली. पालकांच्या मनात कोडिंग म्हणजे नोकरी, हे समीकरण तिथून पक्के झाले. ते फार टिकणारे नाही. आपल्या शाळांत संगणक पहिल्यांदा आले ते १९८४-८५च्या ‘क्लास’ प्रकल्पातून, बीबीसी मायक्रो नावाच्या यंत्रांच्या रूपाने. त्या यंत्रांवर जे शिकवले गेले ते ती मुले नोकरीच्या वयाची होईपर्यंत कालबाह्य झाले होते. आज तर प्रोग्राम लिहिण्याचे बरेचसे काम यंत्रच करू लागले आहे. बारा वर्षांच्या मुलाला आज शिकवलेली भाषा त्याला बाविसाव्या वर्षी पगार मिळवून देईल, ही हमी कोणी देऊ नये.

दुसरे उत्तर अधिक भारदस्त आहे: कोडिंगने विचारशक्ती वाढते. सीमोर पॅपर्ट यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या १९८०च्या पुस्तकाने या विश्वासाला बळ दिले आणि जेनेट विंग यांनी २००६मध्ये संगणकीय विचारपद्धतीला लेखन-वाचन-गणिताच्या पंक्तीला बसवले. पण या दाव्याचा पुरावा पातळ आहे. एकेकाळी लॅटिनबद्दल हेच म्हटले जाई. लॅटिन घोकले की बुद्धी कुशाग्र होते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२४मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या तेव्हा कोणत्याही एका विषयात सर्वसाधारण बुद्धी धारदार करण्याचा खास गुण सापडला नाही. कोडिंगची तशीच परीक्षा न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजात रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी घेतली. वर्षभर लोगो भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांना वर्गातल्या कामांची आखणी करायला दिली, तर ती इतर मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. आपल्याकडे संस्कृतबद्दल, अबॅकसबद्दल आणि बुद्धिबळाबद्दलही असेच बोलले जाते. त्या दाव्यांनाही हीच कसोटी लावायला हरकत नाही.

मग उरते काय? ते पाहण्यासाठी पॅपर्ट यांच्याच कासवाकडे जावे लागेल. पॅपर्ट जिनिव्हात झां पियाजे यांच्याबरोबर काम करून आलेले गणिती. वॉली फोर्झिग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी १९६७मध्ये लोगो ही मुलांसाठीची भाषा तयार केली. पुढे तिच्यात कासव आले, आधी जमिनीवर चालणारे, मग पडद्यावरचे. ते चालेल तशी मागे रेघ उमटते. समभुज त्रिकोण काढायचा असेल, तर मूल बहुधा असे सांगते: शंभर पावले पुढे जा, उजवीकडे ६० अंश वळ, आणि हे तीनदा कर. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, हे त्याने पुस्तकात वाचलेले असते. कासव बरहुकूम चालते, आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी तोंड उघडे राहिलेली आकृती उमटते. तो अर्धा षटकोन असतो. मग मूल स्वतः उठून जमिनीवर त्रिकोणाच्या कडेने चालून पाहते, तेव्हा त्याच्या ध्यानात येते की कोपऱ्यावर आपल्याला आतला कोन वळायचा नसतो, बाहेरचा वळायचा असतो, म्हणजे १२० अंश. पॅपर्ट यांना या प्रसंगात भूमिती दिसली, आणि ती आहेच. मला त्यातली चूक अधिक महत्त्वाची वाटते. मुलाजवळचे ज्ञान खरे होते. यंत्राचे आज्ञापालन निर्दोष होते. तरी निष्पन्न झाले ते चुकीचे. सांगितलेले आणि सांगायचे होते ते यांच्यामधल्या फटीत ही चूक बसलेली होती, आणि ही फट इतक्या स्वच्छपणे उघडी पाडणारी दुसरी जागा शाळेत मला दिसत नाही.

एरवी ही फट माणसेच बुजवत असतात. ‘वह्या काढा’ असे बाई म्हणतात, तेव्हा कुठल्या विषयाच्या, हे कुणी विचारत नाही. ऐकणारा हेतू ओळखतो, संदर्भ भरून काढतो, सांगणाऱ्याची चूक पोटात घालतो. कृष्णाने अर्जुनाला सुचवलेली वाटही याच समजुतीतली आहे: वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणून अपमान करणे हा त्याचा वधच मानला जातो, तेव्हा युधिष्ठिराला तेवढे बोल आणि प्रतिज्ञा पुरी झाली असे समज. प्रतिज्ञेचे शब्द आणि तिच्यामागचा मान, दोन्ही ज्याला कळतात त्यालाच अशी तोड सुचते. मुलाच्या भोवती सगळी अशीच समजून घेणारी माणसे असल्यामुळे त्याला एकट्या शब्दांचे बळ आणि दुबळेपण कधी पाहायला मिळत नाही. शिवाय शाळेत मूल नेहमी नियम पाळणाऱ्याच्या जागी असते. रांग, गणवेश, वर्गात बोलू नका. नियम वरून येतात आणि ते कुणीतरी, कधीतरी, काहीतरी मनात धरून लिहिले आहेत याचा मागमूस नसतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही कायदे आयतेच भेटतात. प्रोग्राम लिहिताना ही जागा उलटते. नियम मुलाचा, तो पाळला जातो तोही अक्षरशः, आणि त्याचे परिणाम पुन्हा मुलाच्याच पुढ्यात येतात. यंत्राने ऐकले नाही, अशी सबब तिथे चालत नाही. आज्ञा देणाऱ्यावर आज्ञेची जबाबदारी असते, हे तत्त्व उपदेशातून सांगता येईल, पण अनुभवाला इतक्या लहान वयात क्वचितच येते.

इथे पाणिनीला पहिला प्रोग्रामर ठरवण्याची हौस काहींना अनावर होते. ती बाजूला ठेवून त्याच्या परंपरेकडे पाहिले तर अधिक उपयोगाचे काही हाती लागते. अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत आणि त्यांत सामान्य नियम, त्यांचे अपवाद, शिवाय दोन नियम भिडले तर कोणता चालवायचा हे सांगणारा नियम, अशी सगळी व्यवस्था आहे. तरीही त्या शेवटच्या सूत्राचाच अर्थ कसा लावायचा यावर वैयाकरण शतकानुशतके वाद घालत आले, आणि २०२२मध्ये केंब्रिजमधल्या एका प्रबंधामुळे तो वाद पुन्हा चर्चेत आला. नियम कसा लावायचा हे सांगायला नियम केला, तर तो कसा लावायचा हा प्रश्न मागे उरतोच. कांटने हीच अडचण वेगळ्या वाटेने मांडली होती: नियम लावण्याची समज नियमांनी शिकवता येत नाही, ती सरावानेच येते. संस्कृत व्याकरणाने या अडचणीवर एक शहाणा तोडगा काढला. कात्यायनाने पाणिनीच्या सूत्रांत भर घातली, दुरुस्त्या केल्या. पतंजलीने दोघांनाही तपासले, आणि तिघांत मतभेद असेल तिथे नंतरच्याचे म्हणणे प्रमाण मानायची रीत पडली. पतंजली म्हणतो, घडा हवा असणारा कुंभाराच्या घरी जातो, पण शब्द बनवून द्या म्हणून वैयाकरणाच्या दारी कोणी जात नाही. लोक बोलतात ते आधी, सूत्र त्याच्या मागून. सूत्रकाराविषयी पराकोटीचा आदर आणि सूत्रात दुरुस्तीची तयारी या दोन गोष्टी या परंपरेत एकत्र नांदल्या. चांगल्या कोडिंगच्या तासाला हाच संस्कार व्हायला हवा: लिहिलेला नियम जगाशी ताडून पाहायचा, आणि न जुळल्यास नियम बदलायचा, जगाला दोष द्यायचा नाही.

हे न शिकलेल्या समाजाचे काय होते, याची उदाहरणे शोधायला पुराणात जावे लागत नाही. ऑस्ट्रेलियात २०१५पासून सरकारने एक स्वयंचलित वसुली योजना चालवली. ‘रोबोडेट’ या नावाने ती कुप्रसिद्ध झाली. सरकारी भत्ता घेणाऱ्यांनी आपली कमाई दर पंधरवड्याला कळवायची असे. यंत्रणेने कर खात्याकडून वर्षाची एकूण कमाई घेतली, तिला २६ने भागले, आणि प्रत्येक पंधरवड्याला एवढी कमाई झाली असे धरून कळवलेल्या आकड्यांशी ताडले. ज्याने सहा महिने काम केले आणि उरलेले सहा महिने बेकारीत भत्ता घेतला, त्याच्या नावावर या हिशेबाने बेकारीच्या काळातही कमाई दिसू लागली आणि जास्तीचा भत्ता परत करा म्हणून नोटीस गेली. तुम्ही खोटे बोलला नाहीत हे सिद्ध करणे तुमच्याकडे. भागाकार अचूक होता, सरासरी बरोबर होती. सरासरी आपल्या शाळांत शिकवली जाते. सरासरीवरून मूळचे आकडे परत मिळत नाहीत, हेही त्याच वयात कळण्यासारखे आहे. ही योजना बेकायदा होती, हे अखेर मान्य करावे लागले. २०२०मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांपोटी ७२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर परत करायचे ठरले आणि २०२३मध्ये चौकशी आयोगाने या प्रकरणाचा अहवाल दिला. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या होरायझन या हिशेब-प्रणालीतल्या चुकांपायी ९००हून अधिक लोक चोर ठरले, कारण संगणक नीट चालत असणार असे न्यायालये गृहीत धरून चालत होती. दोन्ही ठिकाणी माणसे ओरडून सांगत होती की हिशेब चुकतो आहे. खुर्चीवर बसलेल्यांना तो निकाल वाटत होता. कुणीतरी एका दुपारी लिहिलेला नियम तो असावा आणि त्याला तपासता येते, ही कल्पनाच त्यांच्या मनाला शिवली नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोडिंगची तालीम दुसरीकडे उपयोगी पडत नाही, असे मीच वर पुराव्यानिशी म्हटले. मग कासवाच्या त्रिकोणातून न्यायबुद्धी कशी पाझरणार? आपोआप मुळीच पाझरणार नाही. पण त्याच संशोधनाचा पुढचा टप्पा इथे कामी येतो. डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी १९८८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना लोगोबरोबर चूक शोधण्याची पद्धतही उघडपणे, पायरीपायरीने शिकवली होती: काय व्हायला हवे होते, काय झाले, फरक कुठल्या सूचनेमुळे पडला असेल. त्या मुलांना नंतर संगणकाशी संबंध नसलेल्या लेखी सूचनांतल्या चुका शोधायला दिल्या, तेव्हा ती खरोखर सुधारलेली दिसली. म्हणजे पूल बांधला तर पलीकडे जाता येते. तो शिक्षकाने बांधायचा. समजा, सातवीच्या वर्गाला काम दिले की सहलीला कुणाला न्यायचे हे ठरवणारा प्रोग्राम लिहा. हजेरी ७५ टक्क्यांच्या वर असेल तर हो, नसेल तर नाही. पहिला नियम दोन ओळींत होतो. मग शिक्षकाने एकेक मूल पुढे करायचे. एकाला टायफॉइड झाला होता. एकीचे आईवडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जातात आणि दिवाळीपासून ती त्यांच्याबरोबर फडावर असते. मुले अपवाद घालतील. मग अपवादाचा गैरफायदा घेणारा विद्यार्थी पुढे करायचा. मुले अपवादाला अट घालतील. तीन-चार फेऱ्यांनंतर कुणीतरी म्हणेल की बाई, हे प्रोग्रामला ठरवू देण्यापेक्षा तुम्हीच त्या मुलीशी बोला. त्या वेळी हा तास खरा सुरू होतो, कारण आता विचारता येते की मग बाईंवर सगळे सोडल्यास पक्षपात होणार नाही कशावरून? नियमाची गरज आणि नियमाचे अपुरेपण, दोन्ही एकाच फळ्यावर येतात.

याहून गंभीर आक्षेप जोसेफ वायझेनबाउम यांचा आहे. ते स्वतः एमआयटीत संगणकशास्त्र शिकवत. १९७६च्या पुस्तकात त्यांनी हिशेब आणि निर्णयबुद्धी यांच्यात भेद केला, आणि संगणकाच्या सहवासाने माणूस सगळेच प्रश्न हिशेबाचे मानू लागतो असा इशारा दिला. प्रोग्राम लिहिण्यात गुंगून जाणाऱ्यांना स्वतःच्या बंदिस्त जगात सर्वसत्ताधीश झाल्याचा कैफ चढतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. रोबोडेटसारख्या यंत्रणा उभारणाऱ्यांना कोडिंग येत नव्हते असे थोडेच आहे! आज्ञा पाळली जाण्याचे सुख चाखलेला माणूस पुढे माणसांकडूनही तसल्याच आज्ञाधारकपणाची अपेक्षा करू लागेल, ही भीती खरी आहे. म्हणूनच चालणारा प्रोग्राम हे या तासाचे ध्येय असू नये. गुण द्यायचेच असतील तर ते बिघडलेल्या प्रोग्रामच्या चिकित्सेला द्यावेत, आणि दर काही आठवड्यांनी एक काम असे द्यावे जे नियमात बसवताच येणार नाही: वर्गातला सर्वांत चांगला मित्र निवडणारा प्रोग्राम, माफी खरी की खोटी हे ओळखणारा प्रोग्राम. मुले हसतील, प्रयत्न करतील आणि कुठे अडले ते सांगतील. वायझेनबाउम यांच्या भीतीवरचा पुरता इलाज हा नाही; पण कोडिंग टाळल्याने ती भीती कमी होते असेही नाही, कारण न लिहिणारेही दिवसभर इतरांनी लिहिलेल्या नियमांच्या ताब्यातच असतात.

ज्या देशात ग्रामीण भागातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा धड वाचता येत नाही, तिथे हा थाट कशाला, असेही विचारले जाईल. वाचन आधी, याबद्दल दुमत नको. इंग्लंडने २०१४पासून पाचव्या वर्षीच संगणनाचे धडे सुरू केले. तो कित्ता आपण गिरवण्याचे कारण नाही. पण मी सांगतो आहे त्याला रोजचा तास लागत नाही आणि पुष्कळदा संगणकही लागत नाही. न्यूझीलंडचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद, दोरी, खडू आणि मुलांची स्वतःची शरीरे वापरून संगणकशास्त्राची मूलतत्त्वे शिकवण्याचे खेळ १९९०च्या दशकापासून विकसित केले आहेत. एका मुलाने कासव व्हायचे, दुसऱ्याने आज्ञा लिहायच्या, एवढ्यावर वरचा त्रिकोणाचा धडा पटांगणात होतो. आणि आज्ञा लिहिणे हेही लिहिणेच आहे. सूचना संदिग्ध राहिली की कासव भिंतीवर जाऊन आदळते, एवढी तत्पर तपासणी निबंधाच्या वहीला कुठून मिळणार? वर्ध्याला ऑक्टोबर १९३७मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत आणि नंतरच्या झाकीर हुसेन समितीत हस्तोद्योगाविषयी जो आग्रह होता, तो इथे आठवावा. सूतकताई वेळापत्रकातला आणखी एक विषय म्हणून नको होती. तिच्यातून गणित, भूगोल, समाज शिकायचा होता. पुढे ही योजना, म्हणजे नई तालीम, बहुतेक शाळांत ‘कार्यानुभवा’चा एक तास होऊन उरली. कोडिंगचेही तेच होण्याची चिन्हे आहेत: वेगळे पुस्तक, वेगळी परीक्षा, आणि पाठ केलेले प्रोग्राम.

राहता राहिला आजचा प्रश्न. साध्या मराठीत काय हवे ते सांगितले की प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे आली, मग मुलांनी हाताने का लिहावे? मला वाटते, याने गरज वाढली आहे. ही नवी यंत्रे कासवासारखी अडत नाहीत. त्रिकोण काढायला सांगितले तर ती गुपचूप १२० अंश घालतात, आपण न बोललेल्या अटी आपल्याच मनाने भरतात आणि ते इतक्या सफाईने करतात की आपला हेतू त्यांना कळला असे वाटते. १९६६मध्ये वायझेनबाउम यांनी एलिझा नावाचा एक साधा संवादी प्रोग्राम केला होता. समोरच्याचीच वाक्ये फिरवून प्रश्न विचारण्यापलीकडे तो फारसे काही करत नसे, तरी त्याच्याशी बोलताना त्यांच्याच सेक्रेटरीने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. आजची यंत्रे त्याहून कितीतरी पुढची आहेत. समजून घेणारे माणूस आणि समजल्यासारखे वागणारे यंत्र यांतला फरक ओळखायचा, तर अजिबात न समजणाऱ्या यंत्राशी आधी गाठ पडलेली बरी. त्यामुळे क्रम असा असावा: सहलीचा नियम आधी मुलांनी स्वतः ओळीओळीने लिहायचा, अडायचे, दुरुस्त करायचा. नंतर तोच नियम नव्या यंत्राकडून लिहून घ्यायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. यंत्राने कोणत्या अटी न विचारता घातल्या, टायफॉइडचा दाखला कुणाच्या सहीचा मागितला, आणि फडावर गेलेल्या मुलीची गैरहजेरी कशात धरली, हे मुलांनी शोधून काढायचे.